बायोडेटात न मावणारा वसंत

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘सध्या जीव रमतोय त्या गोष्टी’ म्हणून तू केलेली यादी मी सावकाश वाचली. पहाटेचे पक्षी, झाडांची नवी पालवी, वहीत दाबून ठेवलेली फुलं, खिडकीतल्या कुंडीत पेरलेलं बी, रात्रीचे तारे, रंगीत पेनं. सगळं छान चाललं होतं आणि शेवटच्या ओळीत विचारलंस, ‘यातलं बायोडेटात घालण्यासारखं काय आहे?’

काहीही नाही. आणि तसं ते व्हावं म्हणून धडपडूही नकोस.

का ते सांगतो. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मुळात आवड असलेली मुलंच त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी न सांगता नंतर तेच दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती मांडून ठेवली आणि कोण आपणहून तिकडे वळतंय ते पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ तिथे रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणून कुणी कौतुक केलं तर ते खुशाल घे. पण पालवी बघायला निघताना ‘याचं मला काय मिळेल’ ही बोली आधी करू नकोस. फोनमधल्या ‘सलग इतके दिवस’ मोजणाऱ्या आकड्याशीसुद्धा नको.

पण उपयोगाचं नाही म्हणजे कसंतरी उरकायचं, असं समजू नकोस. उलट अशाच गोष्टी नीट कराव्यात.

पक्ष्यांचंच घे. आवाज ऐकून नाव सांगणारं ॲप घेतलंस, हरकत नाही. पण सकाळी बसल्या बसल्या नावांची यादी जमली की कान बंद होतात, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा एकच आवाज धर. डोळे मीट आणि तो पक्षी एक तान किती वेळा घेतो, मध्ये किती थांबतो, दुसरीकडून उत्तर आलं की त्याची घाई वाढते का, एवढंच ऐक. दिवस मोठा होऊ लागला की त्या वाढत्या उजेडाने पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि विणीचा हंगाम सुरू होतो. मग ही जागा माझी आहे हे इतरांना बजावायला आणि जोडीदारीण मिळवायला नर गातात. आपल्याला गोड वाटणाऱ्या गाण्यात अर्धी तरी दमदाटी असते! हे कळल्यापासून मला ते जास्तच आवडायला लागलं.

पालवीबद्दल तू लिहिलंयस, ‘सगळी झाडं एकदम हिरवी झाली.’ एकदम काही होत नाही गं. एक फांदी निवड, हाताला येईल अशी. तिला दोरा बांध आणि रोज तीच बघ. थंड हवेतल्या कितीतरी झाडांच्या कळ्या मागच्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात; कोवळं पान आत घडी घालून ठेवलेलं असतं आणि वसंतात ते फक्त उलगडतं. पहिल्या दिवशी त्या पानावर घडीच्या रेषा दिसतील, ट्रंकेतून काढलेल्या साडीवर असतात तशा. दोन दिवसांत त्या जातात. काही झाडांची पालवी आधी तांबूस निघते. तिच्यात हरितद्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं आणि अँथोसायनिन नावाचं तांबडं रंगद्रव्य भरपूर असतं. ते कोवळ्या पानाला कडक उन्हापासून वाचवतं की किड्यांपासून, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. तू पानाची खालची बाजूही बघ. शिरा आधी हिरव्या होतात की मधला भाग, हे तुझ्याच झाडाला विचारलेलं बरं.

रंगीत पेनांबद्दल एवढंच म्हणतो की तो छंद अजून झालेला नाही, सध्या ती नुसती खरेदी आहे. त्यांतलं एक संपव, मग बोलू.

फुलांना बुरशी आली म्हणतेस. गुळगुळीत कागदाच्या वहीत दाबलीस ना? तो कागद पाणी शोषत नाही. टीपकागद घे, नाहीतर साधा वर्तमानपत्राचा कागद चालेल. वर जड पुस्तकं ठेव आणि पहिले काही दिवस कागद रोज बदल. फूल दव सुकल्यावर तोड. जाड देठाची, मांसल फुलं सोडून दे किंवा पाकळ्या वेगळ्या करून दाब. पातळ पाकळीचं फूल साधारण दोन आठवड्यांत कडकडीत वाळतं. रंग थोडा उतरणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

कुंडीत अजून काही उगवलं नाही, यात नवल नाही. तू बी फार खोल पुरलंयस. बी जेवढं जाड, त्याच्या दुपटीएवढी माती वर पुरते. आणि पाणी कमी घाल. मायेने घातलेल्या जास्तीच्या पाण्याने कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. कोंब वर आले की ते खिडकीकडे झुकतील, तेव्हा एक गंमत करून बघ. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकावर उजेड अडवणारी टोपी घातली की तो उजेडाकडे वाकत नाही, असं चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली मांडलं होतं. टोक उजेड ओळखतं आणि वाकायचं काम खालचा भाग करतो. खिडकीत बसून करता येईल असा हा प्रयोग आहे.

ताऱ्यांसाठी फोन खिशातच ठेव. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्यावर एकदा नजर टाकली की ती सगळी वाया. उत्तर गोलार्धात वसंतातल्या रात्री सप्तर्षी छान वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढ, नारिंगी झाक असलेली ठळक स्वाती सापडेल. आणखी पुढे गेलीस की पांढरीशुभ्र चित्रा. स्वाती सुमारे ३७ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे तुला आज रात्री दिसेल तो उजेड तुझ्या जन्माच्याही आधी निघालेला आहे.

परीक्षा तोंडावर असताना हे सगळं करताना अपराधी वाटतं, असं लिहिलंयस. सकाळचा थोडा वेळ आणि रात्रीचा थोडा वेळ यांनी कुणी नापास होत नाही. पडद्यावर दुसऱ्यांचा वसंत बघण्यात दुपार जाते तिचा हिशेब मात्र लाव. फांदी बघून परत आलीस की पुस्तक उघडावंसं वाटतं का? वाटत असेल तर चाललंय ते ठीक आहे.

एक वही मात्र कर. त्यात तारीख आणि एक ओळ, बस. ‘फांदीवर पहिलं पान.’ ‘पहाटे नवा आवाज.’ इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून अशा नोंदी ठेवल्या: कुठलं झाड कधी पालवलं, बेडूक कधी डरावले, पाकोळ्या कधी आल्या. १७९७ मध्ये ते गेल्यावर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ते काम थेट १९५८ पर्यंत चालू ठेवलं. आज हवामान कसं बदलत गेलं हे तपासणारे अभ्यासक त्या नोंदी वापरतात. (आता लगेच ‘बघा, उपयोग झाला की नाही’ म्हणू नकोस. मार्शमना याची कल्पनाही नव्हती.) तुझ्या वहीचा फायदा जवळचा आहे. पुढच्या वसंतात तीच तारीख उघडलीस की यंदा पालवी लवकर आली की उशिरा, हे तुला कळेल. ‘यंदा जरा लवकरच’ असं सगळेच म्हणतात. तुला ते तारखेनिशी सांगता येईल.

बी नव्याने पेरशील त्या दिवसाचीच पहिली नोंद कर. आठ-दहा दिवसांत काही वर आलं नाही तर माती उकरू नकोस, मला लिही. एरवी उत्तराची घाई नाही, परीक्षा झाल्यावर दिलंस तरी चालेल.

कळावे.