रायडिंग मॉवरची नवी बॅटरीही दोन-तीन आठवड्यांत उतरते. नेमकं काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत घरामागे एकरभर लॉन आहे, ब्रिग्ज कंपनीच्या इंजिनचा जुना रायडिंग मॉवर आहे, या मोसमात दुसरी बॅटरी घातली आणि दोन-तीनदा गवत कापून झालं की किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) नुसता टकटक वाजतो. चार्जर लावला की मॉवर पुन्हा झटक्यात सुरू होतो. दुकानात तिसरी बॅटरी घ्यायला सांगताहेत.

तिसरी बॅटरी आत्ता घेऊ नका. चार्ज केल्यावर जी बॅटरी इंजिन जोरात फिरवते, ती सहसा चांगली असते. एकतर चालू इंजिनाकडून तिला चार्ज मिळत नाही, नाहीतर मॉवर उभा असताना ती कुठेतरी गळते. यातलं काय होतंय ते एक साधा मल्टिमीटर तासाभरात सांगतो.

मॉवरची चार्जिंग यंत्रणा मोटरसायकलसारखीच असते. आपल्याकडे गॅरेजवाले जिला मॅग्नेट कॉईल आणि आरआर युनिट (एसीचा डीसी करून व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर) म्हणतात, तीच जोडी. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या कडेला चुंबकं, त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेचा स्थिर स्टेटर. स्टेटरमधून एसी निघतो, तो डीसी होऊन बॅटरीत जातो. मॉवरमध्ये या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत, एकात रेग्युलेटर असतो, दुसऱ्यात नसतो, आणि तपासण्याची रीत दोन्हींची वेगळी आहे. बहुतेक लोक इथेच चुकतात.

सगळी तपासणी गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या हवेत करा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. ब्लेड बंद आणि पार्किंग ब्रेक लावलेला असला की सीटवरून उतरलं तरी इंजिन चालू राहतं, त्यामुळे सीटखालचा स्विच बांधून ठेवायची गरज नाही. बांधूही नका. हात आणि वायरी फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा.

सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून तीन-चार तास थांबा आणि मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. मग मीटर लावून ठेवून किल्ली फिरवा. इंजिन फिरत असताना आकडा ९.६ च्या वर राहिला पाहिजे. प्रोब बॅटरीच्या पोलवरच टेकवा, वायरच्या क्लॅम्पवर नको. नंतर तेच माप क्लॅम्पवर घ्या. दोन्हींत अर्ध्या व्होल्टाचा फरक दिसला तर दोष त्या सांध्यात आहे. पांढरी-हिरवट पूड बाहेरून पुसलेली असते, पण क्लॅम्पच्या आत काळपट थर तसाच राहिलेला असतो. क्लॅम्प काढून आतून पॉलिश पेपरने घासा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

आता इंजिन सुरू करून थ्रॉटल पूर्ण वर न्या. बहुतेक मॉवरमध्ये तेव्हा इंजिन ३३०० ते ३६०० आरपीएमवर असतं. मंद गतीवर घेतलेलं माप निरुपयोगी आहे. मिनिट-दोन मिनिटांनी बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा साडेबारावरून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब आहे आणि तो बॅटरी शिजवतोय. अशा वेळी सडक्या अंड्यासारखा वास येतो.

रेग्युलेटर नसलेल्या जुन्या ब्रिग्जला मात्र ही कसोटी लागू होत नाही. इंजिनावर पंख्यांसारख्या कडा असलेली ॲल्युमिनियमची डबी (तोच रेग्युलेटर) दिसत नसेल आणि इंजिनातून एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी एका कनेक्टरमध्ये येत असतील, तर तुमचा हाच प्रकार असण्याची शक्यता मोठी आहे. लाल वायरीत कनेक्टरजवळ आवरणाखाली एक फुगवटा हाताला लागतो. तो डायोड. लाल वायर बॅटरीला साधारण तीनेक अँपिअर देते. काळीतून एसी निघून थेट हेडलाइटला जातो, म्हणून ते दिवे इंजिन चालू असतानाच लागतात. इथे बॅटरी अर्धी रिकामी असेल तर मीटर १३ च्या आसपास रेंगाळतो आणि तरीही सगळं ठीक असू शकतं. म्हणून व्होल्ट नाही, अँपिअर मोजा. कनेक्टर सोडवा, मीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या खोबणीत घाला, डीसी अँपिअर निवडा, लाल प्रोब इंजिनाकडच्या लाल वायरीला आणि काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. पूर्ण थ्रॉटलवर २ ते ४ अँपिअर दिसायला हवेत. काळ्या वायरीवर एसी व्होल्ट मोजा, साधारण १४ हवेत. काळीवर एसी आहे पण लालवर काहीच नाही, तर आधी डायोड तपासा. तो एकाच दिशेने वीज सोडतो. दोन्ही दिशांनी अडवत असेल तर चार्जिंग बंद. दोन्ही दिशांनी सोडत असेल तर मॉवर उभा असताना बॅटरी स्टेटरमधून रिकामी होते. डायोडसकट नवा कनेक्टर स्वस्तात मिळतो. सुटा डायोड झाळणार असाल तर त्याच्यावरची पट्टी बॅटरीच्या बाजूला ठेवा.

डबी असेल तर मार्ग वेगळा. इंजिन बंद करून रेग्युलेटरचा प्लग काढा, मीटर एसीवर ठेवा, स्टेटरच्या दोन वायरींना लावा, इंजिन सुरू करून पूर्ण थ्रॉटल द्या. ब्रिग्जच्या १० अँपिअरच्या यंत्रणेत साधारण २० व्होल्ट, १६ च्या यंत्रणेत ३०, कोहलर कंपनीच्या इंजिनांतल्या १५ अँपिअरच्या यंत्रणेत २८ किंवा जास्त मिळायला हवेत. काही स्टेटरना एकच वायर असते. तिथे माप वायर आणि इंजिनाची बॉडी यांच्यात घ्या. दोन वायरींच्या स्टेटरमध्ये इंजिन बंद असताना कुठलीही वायर बॉडीला जोडलेली दिसली, तर स्टेटर आत शॉर्ट आहे.

एसी पुरेसा आहे, डीसी नाही, म्हणजे रेग्युलेटर गेला असं लगेच ठरवू नका. या डबीचं धातूचं आवरण हाच तिचा निगेटिव्ह असतो. बोल्टाखाली गंज किंवा रंगाचा थर असेल तर चांगली डबीही काम करत नाही. बोल्ट काढा, डबीची मागची बाजू आणि इंजिनाचा भाग चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा. इंजिन चालू ठेवून डबीचं आवरण आणि बॅटरीचा निगेटिव्ह पोल यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अजूनही कच्चं आहे. मग इंजिन बंद, किल्ली ऑन. प्लगमध्ये डबीच्या आउटपुटची जी वायर बॅटरीकडे जाते, तिच्यावर बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर मधला फ्यूज, फ्यूज होल्डर किंवा किल्लीचा स्विच बघा. फ्यूज शाबूत दिसतो आणि होल्डरची पितळी पकड आतून हिरवी पडलेली असते, हे मॉवरमध्ये फार होतं, कारण तो दमट गवतातच फिरतो. हे सगळं बरोबर असेल तरच रेग्युलेटर बदला, आणि तितक्याच अँपिअरचा घ्या.

एसीच कमी असेल तर वरचं झाकण काढा. आत वाळलेलं गवत कोंबलेलं, उंदराचं घरटं आणि कुरतडलेली वायर सापडू शकते. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलर वापरा, हातोडा नको. चुंबक सुटलेलं असेल तर ते स्टेटरला घासून गुंडाळी खरवडतं.

चार्जिंग ठीक निघालं तर गळती शोधा. किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ती वायर व निगेटिव्ह पोल यांच्यामध्ये मीटर जोडून करंट मोजा. मीटर असा जोडलेला असताना इंजिन सुरू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जुन्या मॉवरमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य हवा. १०० मिलिअँपिअर जरी गळत असतील तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात. मॉवरची यू-वन मापाची बॅटरी साधारण ३० अँपिअर-तासांची असते, म्हणजे आठवड्यात ती निम्म्यावर येते. मीटरकडे बघत एकेक प्लग सोडवा. रेग्युलेटरचा किंवा डायोडचा कनेक्टर काढल्यावर आकडा पडला तर चोर तोच.

दोन गोष्टी करू नका. चार्जिंग होतंय का बघण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढू नका, रेग्युलेटर जागीच जाऊ शकतो. आणि पार उतरलेली बॅटरी जंप देऊन मॉवरवरच भरेल असं धरू नका. तीन अँपिअरने वीस मिनिटं गवत कापलं तर जेमतेम एक अँपिअर-तास परत येतो. ती आधी चार्जरवर भरा. थंडीत मॉवर उभा राहील तेव्हा बॅटरी काढून आत ठेवा आणि महिन्यातून एकदा भरा, कारण उतरलेली बॅटरी तिकडच्या हिवाळ्यात गोठून फुटू शकते.

इंजिनावर डबी आहे की नाही, बॅटरीवर पूर्ण थ्रॉटलचे व्होल्ट, स्टेटरचा एसी आणि किल्ली बंद असतानाचा करंट, एवढं खाली लिहा. त्यावरून कुठला भाग बदलायचा ते सांगता येईल.