वाचक विचारतात : गोंदवायचं ते मनातलं, मग अंगावर कसं उतरवायचं?

टॅटूबद्दल आलेल्या पत्रांत डिझाइनची चौकशी कमी आहे. बहुतेकांचं म्हणणं असं, की मनात अर्थ पक्का आहे, तो कातडीवर नीट उतरेल का आणि टिकेल का? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : बाबा गेल्यावर त्यांचं एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. त्यातली ‘पोचलीस की पत्र टाक’ ही ओळ त्यांच्याच अक्षरात मनगटाच्या आतल्या बाजूला हवी आहे. एका स्टुडिओत ‘होईल’ म्हणाले, दुसरीकडे ‘अक्षर फुटेल’ म्हणाले. खरं कोणाचं? – एक वाचक, परळ

उत्तर : दोघांचंही, कारण सगळं आकारावर अवलंबून आहे. सुई शाई वरच्या कातडीखाली असलेल्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल सोडते. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू राहतो. पण वर्षं जातात तसे कण थोडे सरकतात आणि रेघ जाड होते. आजची अर्ध्या मिलिमीटरची रेघ पुढे दुप्पट होईल असं धरूनच आखणी करावी. देवनागरीत हे फार जाणवतं. ‘ल’ची गाठ, ‘क’चं पोट, वेलांटी आणि शिरोरेषा यांच्यामधली फट बुजली, की ओळीचा नुसता काळा पट्टा होतो.

म्हणून वेलांटी-मात्रा सोडून अक्षराची उंची किमान ८ मिलिमीटर ठेवा. या मापाने तुमची ओळ ९-१० सेंटीमीटर भरेल. ती मनगटावर आडवी मावणार नाही. कोपराच्या दिशेने हाताच्या लांबीत घ्या, आणि मनगटाच्या घडीपासून दोन बोटं जागा सोडून सुरुवात करा, कारण घडीवरची शाई लवकर विटते. मनगटच हवं असा हट्ट असेल, तर पूर्ण ओळ सोडून द्या. कार्डाच्या मायन्यात ‘अ. आ.’ असेल तर तेवढंच घ्या. वडिलांचे ‘अनेक आशीर्वाद’ त्या दोन अक्षरांत येतातच, आणि ती मोठी काढता येतात.

कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला तर अक्षरं कडेला वाकडी येतात. सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. बॉलपेनचा दाब कमी पडून रेघ कुठे तुटली असेल, तर ती जोडायची की तशीच ठेवायची हे आधी ठरवा. बाबांनी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं असेल, शिरोरेषा दिलीच नसेल, तरी सुधारू नका. तुम्हाला त्यांचा हात हवा आहे. तसं आर्टिस्टला स्पष्ट सांगा, नाहीतर मदत म्हणून तो अक्षर सारखं करून टाकेल.

स्टेन्सिल, म्हणजे गोंदवण्याआधी कातडीवर उमटवतात तो कच्चा ठसा, लावताना हात सैल सोडलेला हवा. तळवा वर वळवून लावली, तर हात खाली सोडल्यावर ओळ पिळवटते, कारण तिथली कातडी हाताबरोबर फिरते. स्टेन्सिल १०-१५ मिनिटं वाळू द्या. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून सोबतच्या माणसाला अक्षरन्‌अक्षर वाचायला सांगा. पुढच्या कॅमेऱ्यात आणि आरशात उलटं दिसतं, मग चूक नजरेतून सुटते. शेवटचं म्हणजे ओळीची दिशा. आर्टिस्ट बहुधा समोरच्याला सरळ वाचता येईल अशी लावतात. ही ओळ तुम्हाला उद्देशून लिहिलेली आहे. ती तुम्हाला सरळ दिसावी असं वाटत असेल तर निःसंकोच तशीच लावून घ्या.

प्रश्न : आजीच्या हातावर गोंदण आहे : तुळशीवृंदावन आणि भोवती ठिपके. मला तेच हवंय, त्याच हिरव्या रंगात. आजी म्हणते, ‘कशाला गं?’ – एक वाचक, भांडुप

उत्तर : हिरवी शाई घेऊ नका. आजीचं गोंदण मुळात काळंच आहे. काजळी वापरून, दोन-चार सुया एकत्र बांधून ते टोचलं गेलं असणार. कातडीच्या खालून काळा रंग निळसर-हिरवा दिसतो, कारण कातडी निळा प्रकाश जास्त विखुरते. साधी काळी शाई घ्या, काही वर्षांत तोच सूर तिला आपोआप येईल.

आजची पसरलेली नक्षी जशीच्या तशी उतरवली, तर तीस वर्षांनी तिचा डाग होईल. उजेडात फोटो काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध बारीक पेन्सिल फिरवा, म्हणजे मूळ आखणी हाती येते. दोन ठिपक्यांत ३-४ मिलिमीटर अंतर ठेवा. मशिनऐवजी हाताने टोचणारे आर्टिस्ट मुंबईत आहेत. वेळ जास्त लागतो, पण ठिपक्यांना ती पद्धत शोभते. सुई मात्र सीलबंद आणि एकदाच वापरायची, ती तुमच्यासमोर फोडायला सांगा. जत्रेत एकाच सुईने रांगेने गोंदवणं म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीला आमंत्रण.

आणि आजीच्या ‘कशाला गं’कडे दुर्लक्ष करू नका. दागिने इथेच राहतात, गोंदण मेल्यावर बरोबर येतं, असं मानणाऱ्या बायका होत्या. कितीतरी मुलींना मात्र कुणी विचारलंही नव्हतं, धरून बसवून गोंदलं होतं. तिचं कुठे झालं, कोणी केलं, दुखलं का, हे आधी विचारून घ्या. तिला ती आठवण नकोशी असेल, तर तुमचा टॅटू तिच्या मायेचा राहील, त्या दिवसाचा राहणार नाही. एवढं ठाऊक असून मग गोंदवलंत, तर आमच्या मते ते जास्त खरं.

प्रश्न : आईच्या अस्थींची चिमूटभर राख शाईत मिसळून देतात असं ऐकलं. करावं का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : भावना कळते, तरी नको. राखेचे कण लहानमोठे, धारदार असतात आणि शरीर त्यांना परका पदार्थ मानून तिथे कायमच्या गाठी धरू शकतं. ती घरी तापवून निर्जंतुक होईल याचीही खात्री नसते. चांगला आर्टिस्ट स्वतःच नाही म्हणेल. आईची सही किंवा तिच्या रांगोळीतली एक नक्षी घ्या.

प्रश्न : मुलगा भरतीची तयारी करतोय आणि दंडावर शिवमुद्रा काढायची म्हणतोय. अडचण येईल का? – एक पालक, डोंबिवली

उत्तर : येऊ शकते. सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताच्या मागे एवढ्याच जागी टॅटू चालतो, आदिवासी उमेदवारांना रूढीप्रमाणे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण हाताच्या आतल्या भागासारख्या पारंपरिक जागीच, तेही सलामी न देणाऱ्या डाव्या हातावर, किंवा तळहाताच्या मागे, आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. दंड यात बसत नाही. शिवमुद्रेतली अक्षरं बारीक आणि दाट आहेत, परवानगीच्या मापात ती वाचनीय राहणार नाहीत. निवड होईपर्यंत थांबणं बरं. मुलगा रक्तदान करत असेल, तर राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार टॅटूनंतर १२ महिने करता येत नाही, हेही त्याला सांगा.

प्रश्न : जुलैत वाढदिवसाला घोट्यावर टॅटू ठरवलाय. पावसाळा चालतो का? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : घोट्यावर जुलैत नको, हे ठामपणे सांगतो. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. मुंबईत सखल भागात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात. तरीही तशा पाण्यातून जावं लागलंच, तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. गोळी मनाने घेऊ नका.

दंडावर किंवा पाठीवर चालेल, पण काळजी वेगळी लागते. बिनवासाच्या सौम्य साबणाने दिवसातून दोन-तीनदा धुवा, स्वच्छ कागदी रुमालाने टिपा, आणि मलम इतकं पातळ लावा की कातडी चकाकेल पण ओली दिसणार नाही. दमट हवेत जाड थर दिला की घाम आत कोंडतो, पुळ्या येतात, खपली भिजून सुटते आणि तिच्याबरोबर शाईही निघते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात, खाज येते, तेव्हा नख लावू नका. दोन-तीन आठवडे समुद्र आणि तरणतलाव बंद. गर्दीच्या लोकलमध्ये सैल सुती बाही घाला, कारण दुसऱ्याची बॅग घासली की रेघ तिथेच तुटते. पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली आणि दुखणं चालतं. त्यानंतर लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप भरला, तर स्टुडिओला फोन करण्यात वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.