कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे नवे रेसिडेंट ई-फास्ट (अपघाती रुग्णाच्या पोटात-छातीत रक्त आहे का, हे बघायची झटपट सोनोग्राफी) चटकन शिकतात. पण उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या अपघातातला रुग्ण आला, की रात्री पोट ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं आणि सीटीत रक्त निघतं. नेमकं चुकतं कुठे?
– एक अध्यापक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेकदा उजव्या बाजूलाच. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधल्या खाचेचं एक देखणं चित्र मिळालं की रेसिडेंट चित्र थांबवायचं ‘फ्रीज’ बटण दाबून मोकळा होतो. उताण्या रुग्णात थोडंसंच रक्त असेल, तर ते आधी यकृताच्या खालच्या टोकाशी दिसतं. म्हणून कर्व्हिलिनिअर (वक्र तोंडाचा) प्रोब काखेच्या मधल्या रेषेत, आठव्या ते अकराव्या बरगडीदरम्यान, खूण डोक्याकडे करून ठेवायचा. आधी जागच्या जागी पुढे-मागे कलवायचा, मग मूत्रपिंडाचं खालचं टोक दिसेपर्यंत खाली सरकवायचा. ते टोक चित्रात आलं नसेल, तर ‘निगेटिव्ह’ लिहू देऊ नका.

डावीकडे हात नेहमी पुढे राहतो. डावं मूत्रपिंड जास्त वर आणि मागे असतं. बोटांची पेरं गादीला टेकली तरच ते सापडतं. शिवाय इथे रक्त बऱ्याचदा प्लीहा आणि श्वासपटल यांच्यामध्ये साठतं, नुसती मूत्रपिंडाजवळची फट बघून चालत नाही.

ओटीपोट फोली (लघवीची नळी) घालण्याआधी बघा. भरलेलं मूत्राशय ही फुकट मिळालेली खिडकी आहे. मात्र त्याच्यामागचा भाग जास्त उजळ दिसतो आणि त्या उजेडात थोडं रक्त लपतं. गेन (चित्राचा उजळपणा) कमी करा आणि उभ्या-आडव्या दोन्ही छेदांत बघा.

एवढं करूनही साधारण २०० मिलीपेक्षा कमी रक्त सुटू शकतं. गोठलेलं रक्त पातळ रक्तासारखं काळं न दिसता करडं दिसतं, आणि पोटामागच्या पोकळीतला रक्तस्राव या तपासणीत जवळपास दिसतच नाही. बीपी घसरलं, पोट दुखायला लागलं, की प्रोब पुन्हा ठेवायचा. कागदावर ‘निगेटिव्ह’च्या शेजारी वेळ लिहायची सवय लावा.

प्रश्न : किती स्कॅन झाले की रेसिडेंट तयार म्हणायचा?

उत्तर : अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यांच्या संघटनेचा आकडा प्रत्येक प्रकाराला २५ ते ५० असा आहे. पण ५० निरोगी पोटं बघून रक्त ओळखता येत नाही. मेडिसिन वॉर्डातले जलोदराचे (पोटात पाणी झालेले) रुग्ण, पोटातून डायलिसिस घेणारे रुग्ण यांची परवानगी घेऊन त्यांच्यावर सराव द्या. प्रत्येक स्कॅनची क्लिप साठवा आणि आठवड्यातून एकदा सीटी किंवा ऑपरेशनच्या नोंदीशी ताडून बघा. हे ताडणं होत नसेल, तर आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न : सोनोग्राफीत बघून सुई घालायच्या सरावाचे तयार फँटम (ऊतीसारखे नकली ठोकळे) फार महाग पडतात. घरगुती उपाय?

उत्तर : १ लिटर थंड पाण्यात १०० ग्रॅम साधं जिलेटिन भिजवा, मंद आचेवर विरघळवा, उकळू नका. २ मोठे चमचे इसबगोल घाला. त्यानेच ऊतीसारखा दाणेदार करडेपणा येतो. वरचा फेस काढून टाका, कारण हवेचा एकेक बुडबुडा खाली सावली पाडतो. अर्धं मिश्रण डब्यात घट्ट होऊ द्या. ग्लोव्हच्या बोटात लाल पाणी भरून, हवा काढून गाठ मारा, त्यावर ठेवा आणि उरलेलं कोमट मिश्रण ओता. रात्रभर फ्रीजमध्ये. एप्रिल-मेमध्ये टेबलावर फार वेळ टिकत नाही, तेव्हा सराव सकाळी उरका.

प्रश्न : रेडिओलॉजीतलं मशीन रात्री कॅज्युअल्टीत आणलं तर?

उत्तर : ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’चा (सोनोग्राफी मशीनला जोडून प्रत्येक स्कॅनची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा) प्रयोग बघितलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको, पण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा कॅज्युअल्टीलाही लागू आहे. मशीन कुठे आणि कोण वापरणार, याची नोंद आधी समुचित प्राधिकाऱ्याकडे हवी. गर्भवतीची तपासणी झाली तर त्या तपासणीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरायचाच.