'माहिती क्रांती' म्हणजे नेमके काय?

प्रश्न : 'माहिती क्रांती' हा शब्द पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सतत भेटतो. त्याचा नेमका अर्थ काय, आणि 'संगणकयुग' म्हणण्यापेक्षा त्यातून अधिक काही कळते का?

उत्तर : हा शब्द 'औद्योगिक क्रांती'च्या धर्तीवर घडला आहे. त्याचा तांत्रिक पाया १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या ट्रान्झिस्टरने, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चिमुकल्या घटकाने, घातला. पुढच्याच वर्षी तिथलेच गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी मजकुराचा अर्थ काहीही असला तरी त्यातील माहिती 'बिट' (० किंवा १ यांपैकी एक) या एककात मोजता येते, हे गणिताने मांडले. त्यामुळे पत्र, छायाचित्र आणि गाणे यांची साठवण व वहन एकाच रीतीने करणे शक्य झाले.

वेग ही मात्र या क्रांतीची खूण नव्हे, असे मला वाटते. आपल्याकडे तारसेवा १८५४ पासूनच लोकांसाठी खुली झाली होती आणि ती २०१३ पर्यंत चालली; परंतु तारेत शब्दागणिक पैसे पडत असल्याने माणसे निकडीच्या प्रसंगीच तार करत, आणि म्हणून तार आली की वाचण्याआधीच घरात धस्स होई. बदलला तो खर्च : माहितीची नक्कल काढणे आणि ती पाठवणे जवळजवळ फुकट झाले.

म्हणूनच 'संगणकयुग' हा शब्द अपुरा पडतो, कारण तो केवळ यंत्राचे नाव सांगतो. 'माहिती क्रांती' म्हटले की माहिती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे विचारता येते, आणि या शब्दाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. सातबारा उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. तो मिळवण्यासाठी शेतकऱ्याला सज्जावर खेटे घालावे लागत. आज तोच उतारा मोबाइलवर पाहता येतो. याच कसोटीने पाहिले, तर २००५ चा माहिती अधिकार कायदाही या क्रांतीचाच भाग ठरतो, जरी त्यासाठी साधा कागदी अर्ज पुरत असला तरी.

माहिती मिळणे आणि तिच्यावर अधिकार चालणे यांत मात्र अंतर आहे, आणि 'क्रांती' या शब्दाच्या भारदस्तपणामुळे ते झाकले जाते. सातबाऱ्यावरील नोंद चुकली आहे, हे शेतकऱ्याला आता घरबसल्या कळते. ती दुरुस्त करण्याचा आदेश मात्र अजूनही महसूल अधिकाऱ्याच्याच सहीने निघतो.