पलटणीच्या यादीतली उंची : आधी मूळ पान मागा

ताई, पणजोबांच्या पलटणीची यादी मिळाली आणि तीवरून 'तेव्हाची माणसं आपल्यापेक्षा धिप्पाड होती' असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. डॉक्टर नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही, त्यामुळे पटेल तेवढंच घ्या.

यादी टाईप केलेली आहे ना? मग मूळ रजिस्टरचं पान मागा. मला एका कचेरीने (नाव घेत नाही) अशीच यादी दिली होती. रजिस्टरात पाच फूट दहा इंच, टाईप करणाऱ्याने लिहिलं 5.10, कॉम्प्युटरने शेवटचा शून्य खाल्ला, उरलं 5.1. चांगला उंचापुरा गडी पाच फूट एक इंचाचा झाला! आणि 5.5 म्हणजे साडेपाच फूट नव्हे, पाच फूट पाच इंच. यादीत 5.9 आहे, 5.11 आहे, पण 5.10 एकही नाही, तर हाच घोटाळा समजा. साहेबांना दाखवलं तर म्हणे, "डेटा तोच आहे." पान दाखवा म्हटलं तर "कागद नाजूक आहे." मग फोटो काढून द्या ना! तेही नाही. अर्जाची पोच मागितली की टेबल बदलायचं. असो.

दुसरं, पलटणीत किमान उंचीची अट असायची. बुटके दारातूनच परत, मग सरासरी फुगणारच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी अटीत न बसणाऱ्या बुटक्यांच्या वेगळ्या 'बँटम' पलटणी उभ्या केल्या. म्हणून काय इंग्रज एका वर्षात खुजे झाले?

भरतीचं साल नको, जन्मसाल लावा. उंची ठरते ती मुख्यतः बाळपणीच्या खाण्यावर आणि आजारांवर. छप्पन्याच्या दुष्काळात (1899-1900) दोन वर्षांचं असलेलं पोर भरतीला येईतो 1916 उजाडतं. शिवाय पोटाला कमी मिळालेली मुलं विशीनंतरही थोडी वाढत, त्यामुळे अठराच्या रंगरूटाची उंची अंतिम धरू नका.

एकट्या पणजोबांवरून तर काहीच ठरत नाही, तिथे आनुवंशिकता जोर करते. पिढ्यांची सरासरी मात्र बोलते : दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटिमीटरने वाढल्या, रक्त तेच असून.

आणि घरातल्या आजोबांना आज भिंतीला उभं करून मोजू नका. उतारवयात मणके दबतात. त्यांचा तरुणपणचा नोकरीचा कागद असेल तर तो शोधा.