पाणी नसेल तर लसूणघास सोडा, स्टायलो बघा

प्रश्न : आमची आटपाडी तालुक्यात दोन एकर जिरायत आणि थोडं माळरान आहे. दोन गाई, दहाबारा शेळ्या. जानेवारी संपला की फक्त कडबा उरतो, दूध निम्म्यावर येतं. लसूणघास लावायला विहिरीला पाणी नाही. गावात कुणी स्टायलो म्हणतं, कुणी सुबाभूळ. नेमकं काय लावू?

उत्तर : दादा, माळरानावर स्टायलो (कडधान्याच्या कुळातला, पावसावर येणारा चारा) लावा आणि बांधाला थोडी सुबाभूळ. तुमच्याकडे पोट भरायला कडबा आहे, कमी पडतात ती प्रथिनं, कारण कडब्यात ती जेमतेम तीनचार टक्के असतात आणि स्टायलोत बारापंधराच्या आसपास मिळतात, त्यामुळे रोज थोडा जरी मिसळला तरी जनावराला कडबासुद्धा नीट पचतो. शिवाय ओल्या लसूणघासाने पोटफुगी होते तशी याने सहसा होत नाही.

आता बियाणं. त्याचं कवच कडक असतं, तसंच फेकलं तर बरंचसं उगवतच नाही आणि मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात. फडक्यात बांधून साधारण 80 अंशाच्या पाण्यात चारपाच मिनिटं धरायचं (खळखळ उकळत्या पाण्यात नाही हं, बी मरतं), लगेच गार पाण्यात आणि सावलीत सुकवायचं. नुसता स्टायलो असेल तर एकरी चार किलो, पण मी म्हणेन पवना किंवा मारवेल गवतात मिसळून लावा, तेव्हा दोन किलो पुरतं. पाऊस लागला की बारीक मातीत मिसळून विस्कटायचं, वरवर माती ओढायची, खोल गेलं की संपलं. एकरी दोनेक पोती सिंगल सुपर फॉस्फेट द्या, युरिया नको, मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात.

पहिलं वर्ष मात्र जिवावर येतं. रोप इतकं सावकाश वाढतं की तण त्याला झाकून टाकतं, म्हणून एक खुरपणी हवीच, आणि शेळ्या तिकडे अजिबात सोडायच्या नाहीत, शेजाऱ्यांच्यासुद्धा! (हेच सगळ्यात अवघड काम.) फुलावर आला की, म्हणजे अडीच महिन्यांनी, वीतभर ठेवून कापा. थोडा भाग बी गळायला राखला की पुढच्या पावसात आपोआप उगवतो, खरा चारा दुसऱ्या वर्षापासून.

सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की जनावराचे केस गळतात, गलगंड होतो. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, घोड्या-गाढवाला देऊच नका, आणि शेंगा वाळायच्या आत छाटा, नाहीतर रान भरून सुबाभूळच.

थोडंफार पाणी असेल अशा कोपऱ्यात दशरथ घास (हाही कडधान्याच्या कुळातलाच चारा) चालेल. बियाण्यासाठी राहुरी कृषी विद्यापीठात किंवा उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेत मे महिन्यातच चौकशी करा, राहुरीची फुले क्रांती ही स्टायलोचीच जात आहे.