नोटांवर खरंच इतके जंतू असतात का? नोटा सॅनिटाइझ कराव्यात का?

असतातच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅनहॅटनमधल्या डॉलरच्या नोटांवरचा डीएनए तपासला आणि २०१४ साली जाहीर केलं: जवळपास ३,००० प्रकारचे जीवाणू. सर्वांत जास्त मुरमांशी संबंधित, म्हणजे आपल्याच कातडीवरचे.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते आणि माझा चुलतभाऊ कॅशिअर आहे, म्हणून हा प्रश्न मला झोंबतो. जिभेला अंगठा लावल्याशिवाय दादाचा हात चालत नाही. "इतकी वर्षं मोजतोय, मला काय झालं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि घरातले मोठे माना डोलावणार. शेवटी त्याच्याच खिशातली मळकी नोट मी अगारच्या प्लेटवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर दाबली. दुसऱ्या प्लेटवर कोरी नोट, तिसऱ्यावर त्याचा न धुतलेला अंगठा. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं. सकाळी मळक्या नोटेच्या प्लेटवर पांढऱ्या-पिवळसर ठिपक्यांची दाटी होती, आणि घडीची उंचवट रेघ जिथे टेकली होती तिथे ते चक्क एका ओळीत उगवले होते. कोऱ्या नोटेची प्लेट जवळजवळ स्वच्छ. ग्राम स्टेन केला, म्हणजे जीवाणू ओळखायला रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जांभळे, गोल, घोसाघोसाने बसलेले. स्टॅफिलोकॉकसच, म्हणजे कातडीवर राहणारे जीवाणू दिसत होते. अंगठ्याच्या प्लेटवरही तसेच. दादा म्हणाला, "मग नोटेचा काय दोष?" अरे, मुद्दा तोच आहे! नोट अंगठ्याचं घेते, अंगठा नोटेचं, आणि जीभ दोघांचं.

शिवाय तोंडा-नाकातलं नोटेला लावणं पुढच्या माणसावरही अन्याय आहे. जिनिव्हातल्या २००८ सालच्या प्रयोगात फ्लूचा विषाणू नुसता नोटेवर टाकला तेव्हा फार तर ३ दिवस टिकला. शेंबडात मिसळून टाकला तर १७ दिवसांपर्यंत.

नोटांवर सॅनिटायझर फवारू नका. पुढच्या हातात गेल्या की पुन्हा तेच. हात धुवा.

हेही सांगायला हवं की जंतू सापडले म्हणजे आजार झालाच असं नाही. डीएनए मेलेल्या जीवाणूंचाही सापडतो, आणि प्लेटवर खायला मिळतं म्हणून ते फोफावतात. कोरड्या नोटेवर बरेचसे मरतात. धडधाकट माणसाने नोटांना घाबरायचं कारण नाही.

पण "मला काय झालं" हा पुरावा नव्हे. पोट बिघडलं की खापर बाहेरच्या खाण्यावर फुटतं, अंगठ्याची चौकशी कोण करतं? काउंटरवर स्पंजची डबी असते, ती वापरा. पाणी मात्र रोज बदला, साचलेल्या पाण्यातही जीवाणू वाढतात. आणि कॅश मोजून झाली की जेवणाचा डबा उघडण्याआधी साबण.